कर्ज फोनवर, मुदत चौदा दिवस

३० नोव्हेंबर २०२२ रोजी केनियाचे राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो यांनी ‘हसलर फंड’ सुरू केला आणि तिथल्या भाजीवाल्या, दुचाकीवर प्रवासी नेणारे बोडा-बोडावाले कर्जासाठी फोनची बटणं दाबू लागले. ५०० ते ५०,००० शिलिंग, तारण नाही, व्याज वर्षाला ८ टक्के. निवडणुकीत दिलेला शब्द पाळला म्हणून रुटोंचं कौतुक झालं. मला खटकते ती मुदत: १४ दिवस.

पहाटे घाऊक बाजारातून टोमॅटो उचलून संध्याकाळपर्यंत विकणाऱ्या बाईला चौदा दिवस पुष्कळ झाले. मका लावणाऱ्यानं काय करायचं?

फोन आणि सूक्ष्मकर्ज यांचं केनियात पहिल्यापासूनच नीट जमलेलं नाही. व्होडाफोनच्या निक ह्यूज आणि सूझी लोनी यांनी २००५ मध्ये ब्रिटिश सरकारच्या निधीतून प्रयोग मांडला. ‘फाउलू केनिया’ या गटांमार्फत कर्ज देणाऱ्या संस्थेच्या कर्जदारांनी हप्ता फोनवरून भरायचा, एवढीच कल्पना. थिका भागातल्या लोकांनी तिचं भलतंच करून टाकलं. कुणी एकमेकांना पैसे धाडू लागले, कुणी प्रवासाला निघताना पैसे फोनमध्ये भरून मुक्कामी पोचल्यावर काढू लागले. फाउलूची मात्र पंचाईत झाली. हिशेब जुळेनात, शिवाय हप्ता फोनवरून गेला तर गटाच्या बैठकीला येणार कोण? या प्रयोगातून मार्च २००७ मध्ये ‘एम-पेसा’ बाजारात आलं ते कर्ज बाजूला ठेवून, ‘घरी पैसे पाठवा’ एवढंच सांगत.

फाउलूची ती काळजी मला अजिबात जुनाट वाटत नाही. गटाची बैठक कंटाळवाणी असते, हे आपल्याकडच्या बचत गटातली कुणीही बाई सांगेल. पण कुणाची गाय आजारी आहे, कुणाचा हप्ता या खेपेला बाकीच्यांनी सांभाळून घ्यायचा, हे तिथेच ठरतं.

२०१२ मध्ये ‘एम-श्वारी’च्या रूपानं कर्ज फोनवर परतलं, ते बैठकीशिवाय. तीस दिवसांना साडेसात टक्के शुल्क. वर्षाचा हिशेब मांडला तर नव्वद टक्के! पाठोपाठ कर्जाच्या ॲपचं पीक आलं. किरकोळ रक्कम थकली तरी नाव थकबाकीदारांच्या यादीत, वर वसुलीसाठी नातेवाइकांना फोन. त्यापुढे रुटोंचा दर म्हणजे दिलासाच: हजार शिलिंगांवर चौदा दिवसांचं व्याज जेमतेम तीन शिलिंग.

अर्थशास्त्रज्ञ तवनीत सुरी आणि विल्यम जॅक यांच्या २०१६ च्या अभ्यासानुसार एम-पेसामुळे १ लाख ९४ हजार कुटुंबं गरिबीतून वर आली. हा आकडा फोनवरच्या कर्जाच्या जाहिरातीसाठी सर्रास वापरला जातो, पण अभ्यास आहे तो पैसे पाठवण्याच्या सोयीचा. घरात आजारपण आलं, पाऊस दगा देऊन गेला, की नातलगांची मदत लगेच पोचते. बायकांना शेतीबाहेर धंदा थाटता येतो.

रुटोसाहेब, व्याज कमी केलंत, चांगलं केलंत. आता मुदत पिकाच्या हंगामाशी जोडा. तोवर हा फंड बाजारात बसणाऱ्यांचाच, शेतकऱ्याचा नव्हे.