घाणा आणि मुदत : घरच्या संगणकावरील तत्क्षण ध्वनिसंस्कार

गाणे मुद्रित करून मागाहून त्यावर संस्कार करणे निराळे आणि गायक गात असतानाच ते करणे निराळे. पहिल्या कामास संगणकाने दहा मिनिटे घेतली तरी कोणाचे बिघडत नाही. दुसऱ्यात मात्र उशिरा झालेले काम हे न झालेलेच काम होय. आपण विचार करणार आहोत तो या दुसऱ्याचा.

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. मायक्रोफोन त्याचे विजेच्या चढउतारात रूपांतर करतो आणि संगणक तो चढउतार सेकंदाला बहुधा ४८,००० वेळा मोजतो. हाती येतात ते आकडे. त्यांवर गणित केले की आवाज घुमविता येतो, गोंगाट दबविता येतो. मग त्या आकड्यांचा पुन्हा ध्वनी होतो.

परंतु संगणक एकेक आकडा उचलीत नाही. पंगतीसाठी पुऱ्या तळाव्यात तसे तो घाण्याघाण्याने काम करतो. २५६ आकड्यांचा घाणा भरावयास सुमारे ५.३ सहस्रांश सेकंद लागतात. एक घाणा भरण्यात आणि एक वाढण्यात जातो. म्हणजे सुमारे ११ सहस्रांश सेकंदांचा विलंब झाला. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. तेव्हा हा विलंब तबलजीपासून साडेतीन मीटरांवर बसण्याइतकाच आहे. तो सहज सोसतो. घाणा चौपट केला की तबला जणू १५ मीटर दूर जातो. आपलेच बोलणे २०० सहस्रांश सेकंद उशिरा कानी पडले, तर बोलणारा अडखळू लागतो, हे १९५० सालीच प्रसिद्ध झाले आहे.

मग घाणा लहानच का घेऊ नये? कारण आचाऱ्याने क्षणभर मान वळविली की पान रिकामे पडते. येथे रिकामे पान म्हणजे कानाला बोचणारा 'टक्' असा आवाज. संगणक सेकंदाला अब्जावधी क्रिया करतो खरा, पण तो वेग सरासरीचा आहे. मुदत मात्र प्रत्येक घाण्याची असते. इतर कामांकडे वळलेला संगणक वेळेवर परतेलच असे नाही. म्हणून ज्याला किती वेळ लागेल हे आधी सांगता येत नाही, असे कोणतेही काम ध्वनीच्या वाटेत ठेवू नये, हा येथील पहिला नियम.

१९८१ साली पिएर बुलेझ यांच्या 'रेपों' या रचनेसाठी पॅरिसच्या इर्काम संस्थेत घडविलेले '४ एक्स' हे खास यंत्र वापरावे लागले होते. पुढे १९९० च्या दशकात मिलर पकेट यांनी 'प्युअर डेटा' ही विनामूल्य प्रणाली रचली, आणि तशा जातीचे काम घरच्या मेजावर आले.

तरीही एक मर्यादा उरतेच. मुंबई-लंडन हे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २,००,००० किलोमीटर जातो. म्हणजे एका बाजूसच ३६ सहस्रांश सेकंद हवेत. मुंबईतील गुरूने लंडनमधील शिष्यास शिकवावे, पण द्रुत लयीत दोघांनी जोडीने गावे हे मात्र कठीण. घरातला विलंब शिस्तीने आटोक्यात येतो. अंतराचा विलंब मानूनच चालावे लागते, असे आम्हांस वाटते.