चाळीस कव्हरं, दोन सुया आणि एक फसलेलं मशीन

तर झालं असं, की मागच्या वर्षी डिपार्टमेंटच्या फेस्टला येणाऱ्या पाहुण्यांना काहीतरी ‘हटके’ द्यायचं ठरलं. फुलदाण्या, घड्याळं, पेनस्टँड सगळं देऊन झालेलं. मी आणि माझा रूम पार्टनर छाती फुगवून म्हणालो, “चामड्याची जर्नल कव्हरं करू! चाळीस नग, नगाला तीनशे रुपये.” कमिटीने विश्वास ठेवला (हे त्यांचं चुकलंच) आणि बारा हजार रुपये आगाऊ आमच्या हातात ठेवले. पहिल्याच रविवारी त्यातले साडेसहा हजार आम्ही एका सेकंडहँड शिलाई मशीनवर घातले. घरोघरी असतं तसं काळं मशीन, फक्त पायट्याऐवजी मागे छोटी मोटर लावलेली. विकणारा म्हणाला होता, “जीन्सचे चार पदर खातं, चामडं म्हणजे तर लोणी!”

ते मशीन लोणीसुद्धा खाईना. पहिल्या कव्हरला तीन सुया मोडल्या, टाके सुटत गेले आणि वरच्या बाजूने दातांचे असे ओरखडे उठले की जणू उंदराने कुरतडलंय. फेस्टला सव्वीस दिवस उरलेले आणि हातात शून्य कव्हरं. हॉस्टेलमधल्या ज्या कोणाला चामड्याचं काम सुरू करावंसं वाटत असेल, त्याचे तरी पैसे वाचावेत म्हणून हा लेखनप्रपंच.

मशीन का फसलं ते मला अंधेरी स्टेशनबाहेर बसणाऱ्या काकांनी समजावलं. माझी सॅक त्यांच्याकडे दोनदा शिवून झाली होती, तेवढीच ओळख. आमचं कुरतडलेलं कव्हर त्यांनी उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, “आधी हाताने शिवलंस का कधी?” मी म्हटलं, “नाही काका.” “मग मशीनला कसं सांगणार तू, काय चुकलं ते?” एवढं बोलून ते पुढच्या गिऱ्हाइकाच्या बुटाकडे वळले. दुसऱ्या दिवशी मी परत गेलो. शिकवण्याचे पैसे विचारले, तर म्हणाले, “तेवढ्या वेळात जेवढे बूट झाले असते तेवढे दे.” हिशोब एकदम चोख. आठ संध्याकाळी मी त्यांच्याशेजारी पोत्यावर बसलो.

काकांच्या पेटीत हत्यारं किती, तर बोटांवर मोजण्याइतकी. रापी, म्हणजे चामडं कापायचं आणि कडा तासायचं रुंद पात्याचं हत्यार. आरी, म्हणजे भोक पाडायचा लाकडी मुठीचा दाभण. एक हातोडी, एक सपाट दगड, मेणाचा गोळा, दोरा आणि सोल्यूशनचा डबा. काकांच्या आरीला टोकाशी बारीक खाच असते. आरी आरपार गेली की खालून त्या खाचेत दोरा अडकवायचा, वर ओढून फास काढायचा, त्या फासातून वरच्या दोऱ्याचं टोक घालायचं आणि दोन्हीकडून आवळायचं. नीट पाहिलं तर शिलाई मशीन हेच करतं! वरचा एक दोरा, खालचा एक दोरा आणि चामड्याच्या पोटात दोघांची गाठभेट. यालाच लॉकस्टिच म्हणतात.

दुसरा प्रकार दोन सुयांचा. दोरा एकच, त्याच्या दोन्ही टोकांना एकेक बोथट सुई, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. फायदा काय? लॉकस्टिचमध्ये एक टाका तुटला की शेजारचे सैल होऊन सुटायला लागतात. इथे एक तुटला तरी दोऱ्याचा दुसरा पदर शिवण धरून ठेवतो. म्हणून घोड्याचं खोगीर असंच शिवायचे आणि इंग्रजीत या टाक्याचं नावही ‘सॅडल स्टिच’ असंच पडलं. आम्ही कव्हरांसाठी हाच टाका घेतला.

आता खरेदी. परदेशी व्हिडिओ पाहून पंचवीस हत्यारांचा सेट मागवू नका, निम्मं सामान आपल्याच वर्कशॉपमध्ये आहे. टाक्यांची रेघ आणि अंतर आखायला ड्रॉइंगचा डिव्हायडर उत्तम: चार मिलिमीटरवर लावायचा आणि कडेने चालवत न्यायचा. स्टीलची पट्टी आहेच. पंच ठोकायला सुतारकामाचा लाकडी मॅलेट घ्या. लोखंडी हातोडीने पंचचं डोकं फुलतं. खाली ग्रॅनाइटचा तुकडा आणि त्यावर भाजी कापायचा प्लॅस्टिकचा पाट. (रात्री दहानंतर ठोकाठोकी करू नये. रेक्टर सरांनी हे आम्हाला स्वतः चार जिने चढून येऊन समजावलं आहे.) विकत घ्यायची ती चांगली रापी, आरी, बोथट सुयांची जोडी आणि ०.८ मिलिमीटरचा मेण लावलेला पॉलिएस्टर दोरा. दोरा शिवणीच्या चौपट लांब कापायचा. आमच्या एका कव्हराभोवतीची शिवण १०४ सेंटिमीटर, म्हणजे दोरा सव्वाचार मीटर आणि भोकं २६०. पहिल्या कव्हराला मला पाच तास लागले, दहाव्याला अडीच.

टाके बारीक घातले की काम सुबक दिसेल असं वाटतं, पण चामडं म्हणजे कापड नव्हे. कापडात सुई धाग्यांच्या मधून वाट काढते, चामड्यात भोक पडतं ते कायमचं. दीड-दोन मिलिमीटरवर भोकं पाडली की पोस्टाच्या तिकिटासारखी रेघ तयार होते आणि चामडं तिथेच फाटतं. तीन-साडेतीनच्या खाली आम्ही जात नाही. सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावून, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत सुकवून मगच दाबायचं. त्यात ज्वलनशील द्रव असतो, तेव्हा खिडकी उघडी ठेवा आणि खोलीत डास मारायची कॉइल पेटवू नका.

चामडं आणायला माहीमला पूर्वेला उतरायचं, की धारावी. तिथले कातडी कमावण्याचे कारखाने बहुतेक बंद पडले किंवा हलले, पण चामड्याची दुकानं आणि पिशव्या-पाकिटं शिवणारे गाळे अजून आहेत. तयार चामडं येतं चेन्नई, कानपूर, कोलकात्याकडून. २०१५ साली महाराष्ट्रात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. तेव्हापासून इथे हाताशी येतं ते मुख्यतः म्हशीचं आणि बकऱ्याचं. माप चौरस फुटाचं. आमचं एक कव्हर म्हणजे बरोबर एक चौरस फूट, पण कातडं काही आयताकृती नसतं, त्यामुळे सव्वीस कव्हरांना चाळीस फूट लागले. पोटाकडचा भाग ताणतो, पाठीचा घट्ट असतो. घेताना हे पाहा.

दुकानदाराला जाडी मिलिमीटरमध्ये सांगा, आणि क्रोमचं की झाडपाल्याचं तेही विचारा. क्रोम क्षारांनी कमावलेलं चामडं मऊ आणि पाण्याला दाद न देणारं. बाभळीची साल, हिरडा यांनी कमावलेलं कडक, त्यावर ठसे उमटतात, कडा घासून चकाकवता येतात. कोल्हापुरी चप्पल या दुसऱ्या प्रकारची. शंका आली तर बोटभर तुकडा उकळत्या पाण्यात टाका: झाडपाल्याचं चटकन आकसून वेडंवाकडं होतं, चांगलं क्रोम बऱ्यापैकी तग धरतं. (पाणी मेसमधून आणलं होतं. आमच्या खोलीत किटली नाही, याची नोंद घ्यावी.)

रापीला धार मात्र मला येईना. काकांनी दाखवूनही येईना. एका रात्री आमच्याच मजल्यावरचा एक वर्गमित्र खोलीत आला, दार लावून घेतलं आणि माझ्या हातातून रापी घेतली. दगडावर पाणी शिंपडलं, पातं जवळजवळ आडवं धरलं आणि दहा मिनिटांत अशी धार काढली की दीड मिलिमीटर चामड्याची कड कागदासारखी सोलून निघाली. मी बघतच राहिलो. तो सातारा जिल्ह्यातला, वडील चपला करतात. तीन वर्षं आम्हाला सांगत आला होता, “वडिलांचं दुकान आहे.” म्हणाला, “तू हे मेसमध्ये टेबलावर घेऊन बसतोस आणि सगळे म्हणतात वा, काय हॉबी आहे! मी बसलो असतो तर काय म्हणाले असते, सांग.”

मला सांगता येईना. त्याच आठवड्यात माझी आई फोनवर म्हणाली होती, “इंजिनिअर व्हायला पाठवलंय की चांभारकी करायला?” मी हसलो होतो. ते मी त्याला सांगितलं. तो हसला नाही. नुसता म्हणाला, “रापी पुढे ढकलायची, ओढायची नाही.” कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत. २०२५ च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडाने तशीच चप्पल फॅशन शोमध्ये आणली आणि ओरड झाल्यावर भारतीय कारागिरीचा उल्लेख केला, तेव्हा आमच्या ग्रुपवर सगळ्यांना कोल्हापुरीचा अभिमान वाटला. तो त्या दिवशी ग्रुपवर काहीच बोलला नव्हता. हे सगळं त्याला दाखवून, त्याच्या परवानगीने छापतोय. नाव नको म्हणाला.

असो. मशीनकडे येतो, कारण सगळे शेवटी तेच विचारतात.

आमच्या मशीनमध्ये टाके का सुटत होते? सुई खाली जाऊन वर यायला लागते तेव्हा तिच्या मागे दोऱ्याचा छोटा फास तयार होतो, आणि खालचा हूक तो पकडतो. चामडं सुईला घट्ट धरून ठेवतं, तिच्याबरोबर थोडं वर उचललं जातं, फास तयारच होत नाही आणि हूक रिकामा फिरतो. मोटर वेगात पळवून हे सुटत नाही. उलट छोट्या मोटरला हळू फिरताना जोर नसतो, म्हणून ती कोपऱ्यावर अडते आणि मग एकदम उसळते. आमच्या मशीनवर सगळ्यात चांगले टाके पडले ते मोटरचा पट्टा काढून हाताने चाक फिरवल्यावर!

सुई चामड्याची हवी, म्हणजे टोकाला धार असलेली, आणि दोऱ्याला साजेशा नंबरची. टेक्स ७० च्या नायलॉन दोऱ्याला १८ नंबर लागतो. घरगुती मशीन एवढा जाड दोरा नीट आवळत नाही. तेव्हा बकऱ्याचं पातळ चामडं, बारीक दोरा आणि छोटं पाकीट एवढंच करायचं असेल तर घरातलं पायमशीन चालेल, वर चिकटू नये म्हणून टेफ्लॉनचा फूट लावा.

पिशव्या, कव्हरं करायची तर पाहायचा तो फीड. साध्या मशीनमध्ये फक्त खालचे दाते माल सरकवतात, त्यामुळे खालचा पदर पुढे जातो, वरचा मागे राहतो आणि शिवण संपताना कडा जुळत नाहीत. वॉकिंग फूटच्या मशीनमध्ये वरचा फूटही पाऊल टाकत चालतो. कंपाउंड फीडमध्ये खालचे दाते, सुई आणि फूट तिघं मिळून माल नेतात, जुकी १५४१ हे त्याचं माहितीतलं उदाहरण. गोल किंवा बंद वस्तूंसाठी नळीसारख्या भुजेचं सिलिंडर बेड मशीन असतं. बूट दुरुस्तीवाल्यांकडचं पॅचिंग मशीन वेगळंच: त्याचा फूट गोल फिरतो आणि कुठल्याही दिशेला शिवतो. दुरुस्तीला झकास, पण लांब सरळ शिवणीसाठी ते घेऊ नका.

मोटर सर्व्हो घ्या. जुनी क्लच मोटर सतत पूर्ण वेगात फिरत असते आणि पायाने नुसता क्लच लागतो, नवशिक्याच्या हातून दोन सेकंदांत वीस टाके पडतात. सर्व्हो दाबाल तेव्हाच आणि दाबाल तितकीच फिरते. कारखान्यातून निघालेलं जुनं मशीन असेल तर ते थ्री फेज नाही ना, हे आधी विचारा. आणि बघायला जाताना आपलं चामडं, आपला दोरा घेऊन जा. दोन पदर, मग चार, परत दोन, असं शिवून पाहा, मधे थांबून एकेक टाका टाका आणि खालची बाजू उलटून बघा. विकणाऱ्याने दिलेल्या चिंधीवर सगळीच मशीनं छान शिवतात. आम्ही तेच केलं होतं.

ज्यांना हे रीतसर शिकायचंय त्यांच्यासाठी: आपल्यापासून चार स्टेशनांवर, वांद्रे पूर्वेला खेरवाडीच्या शासकीय तंत्रनिकेतनात चर्मतंत्रज्ञानाची पदविका शिकवत आले आहेत. तीन वर्षं मेकॅनिकलला काढून मला हे काकांकडून कळलं.

फेस्टपर्यंत आमची सव्वीस कव्हरं झाली, त्यातली सात माझ्या त्या मित्राच्या हातची. चौदा कव्हरांचे ४२०० रुपये परत केले. मशीन एका टेलरला चार हजारांत गेलं, वरचे दोनशे आमच्या खिशातून. मजुरी शून्य. सध्या मशीन नाही. लांब शिवणीचं काम आलं की धारावीच्या एका गाळ्यात तासाच्या भाड्याने कंपाउंड फीडवर बसतो.

बाकी, रविवारी नाश्त्यानंतर आमची खोली उघडी असते. दोरा आपापला आणावा. पावसाळ्यात चामड्याला बुरशी धरते, तेव्हा उरलेले तुकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवू नका, वर्तमानपत्रात गुंडाळून हवेशीर ठेवा. आणि धार लावायला रापी आणलीत तर माझ्याकडे देऊ नका, दोन खोल्या सोडून पलीकडे द्या. तो आता दार उघडं ठेवून बसतो.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी