नदीतला कॅटफिश : बर्फाखालचं कुजकं आमिष

मागच्या आठवड्यात आपण वळणावरच्या खोल डोहाशी थांबलो होतो. या वेळी गळ, शिसं आणि दोरी यांच्यावर लिहायचं ठरलं होतं, पण ते पुढे ढकलतो. सांगलीच्या एका वाचकांचं पत्र आलंय आणि ते टाळवत नाही. हे गृहस्थ लहानपणापासून कृष्णेवर गरवतात. गांडूळ, कणकेची गोळी, कोंबडीची आतडी, सगळं लावून झालंय त्यांचं. मी आतापर्यंत दोन वेळा 'कुजका शॅड' असं ओझरतं म्हटलं, ते त्यांना खटकलं. मासा कुजकं कशाला खाईल, आणि खात असेल तर बारा महिने का नाही, असं त्यांनी विचारलंय. यातला दुसरा प्रश्न जास्त मोलाचा आहे. पट्टीच्या गरवणाऱ्यालाच तो सुचतो.

आधी शॅड. गिझर्ड शॅड हा तारली आणि पाला यांच्या गोतावळ्यातला चंदेरी, तेलकट, गोड्या पाण्यातला मासा. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात दे मॉईन नदीवर रेड रॉक आणि सेलरव्हिल ही दोन मोठी धरणं आहेत. त्यांच्या जलाशयांत याचे थवेच्या थवे असतात. हा मासा थंडीला अगदी हळवा. पाणी तीन-चार अंश सेल्सिअसच्या आसपास उतरलं, आणि तेही झपाट्यानं, की पहिल्याच हिवाळ्यातली पिल्लं पटापट मरतात. त्यातली पुष्कळशी बर्फात किंवा बर्फाखाली अडकून राहतात. मार्चमध्ये बर्फ सुटलं की महिना-दोन महिन्यांचा हा साठा एकदम मोकळा होतो. जलाशयात वारा तो एका काठाला लोटतो. नदीत तो धारेबरोबर वाहतो आणि ओंडक्यांच्या अडथळ्यामागे किंवा वळणाच्या आतल्या संथ पाण्यात बसतो.

आता डोहातल्या चॅनल कॅटफिशकडे पाहा. सगळा हिवाळा तो जवळजवळ न खाता तळाशी पडून होता. पाणी अजून पाच-सहा अंशांवर आहे. अंगात पाठलाग करण्याची ताकद नाही, कारण थंड रक्ताच्या प्राण्याचा सगळा कारभारच पाण्याच्या तपमानावर चालतो. अशा वेळी पळून न जाणारं, चरबीनं भरलेलं खाणं दारात येऊन पडतं. ते तो सोडेल कसा? म्हणून आयोवातले जुने गरवणारे बर्फ सुटल्या सुटल्या पहिले काही आठवडे शॅडशिवाय काही लावत नाहीत. काहीजण काठावरचा मेलेला उचलतात, काहीजण शरद ऋतूत धरून फ्रीझरमध्ये ठेवतात आणि वापरायच्या आधी बरणीत घालून दोन-चार दिवस उन्हात आंबवतात. ती बरणी घरात उघडायची नाही, एवढं पथ्य पाळायचं.

पण कुजलेल्यात त्याला नेमकं काय सापडतं? इथे माझा आवडता विषय येतो, म्हणजे कॅटफिशची जीभ. ती तोंडात थोडी आणि अंगभर जास्त असते. या माशाला खवले नाहीत. मिशा, ओठ, पाठ, कुशी, शेपूट, सगळ्या कातडीवर रुचिकलिका पसरलेल्या असतात. त्यांची संख्या लाखाच्या वर जाते आणि सर्वांत दाट वस्ती मिशांवर असते. संशोधक जॉन कॅप्रिओ यांनी 1975 साली दाखवून दिलं की या मिशांना अमिनो आम्लं, विशेषतः ॲलनीन आणि आर्जिनीन, पाण्यात अतिशय विरळ असतानाही कळतात. त्याच्या आधी 1967 साली बार्डाक, टॉड आणि क्रिकमर यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग छापला होता. त्यांनी बुलहेड, म्हणजे आपल्या कॅटफिशचे धाकटे भाऊबंद, घेतले आणि त्यांचं नाक निकामी केलं. तरीही त्या माशांनी दुरून येणाऱ्या चवीचा माग काढलाच. उलट चव घेणारे अवयव एकाच बाजूचे काढले, तेव्हा मासा शाबूत बाजूकडे वळत गोल गोल फिरू लागला. म्हणजे आपण डाव्या-उजव्या कानांनी आवाजाची दिशा ओळखतो, तसा हा डाव्या-उजव्या अंगानं चवीची दिशा ओळखतो.

आता कुजणं म्हणजे काय? प्रथिनांची मोडतोड. त्या मोडतोडीत सुटी अमिनो आम्लं तयार होतात आणि ती पाण्यात विरघळतात. ताज्या माशाचा तुकडा गार पाण्यात घट्ट राहतो आणि आपला रस हळूहळू सोडतो. आंबलेला शॅड मऊ झालेला असतो, त्यातून रस भराभर झिरपतो. आपल्याला येणारी दुर्गंधी ही वेगळीच बाब. ती हवेत उडून आपल्या नाकात शिरते आणि तिच्याशी माशाला फारसं देणंघेणं नाही, असं माझं मत आहे. अमेरिकेतल्या दुकानांत चीज, रक्त आणि काय काय घालून केलेली उग्र आमिषं डब्यांतून विकतात. ती गिऱ्हाइकाच्या नाकाला पटतील अशीच केलेली असतात. जूनमध्ये ती उत्तम चालतात, याबद्दल वाद नाही. मार्चमध्ये त्यातला मेदाळ भाग थंडीतल्या खोबरेल तेलासारखा थिजतो, पाण्यात काही सोडतच नाही आणि गळावर नुसता गोळा लोंबत राहतो. मार्चमध्ये या डब्यावर खर्च करणं म्हणजे पैसे नदीत टाकणं.

आता दुसरा प्रश्न, बारा महिने का नाही? पाणी दहा अंशांवर गेलं की पावसाच्या लोंढ्याबरोबर गांडुळं येतात, ओढ्यांची तोंडं गढूळ होतात, लहान मासे हिंडू लागतात. तोवर मेलेला शॅड खाऊन किंवा विरून संपलेला असतो. कॅटफिशच्या अंगातही आता जोर आलेला असतो. त्या दिवसांपासून ताजा कापलेला तुकडा कुजक्याला मागे टाकतो. पुढे चोवीस अंशांच्या आसपास वीण सुरू होते आणि नर बिळात बसून अंडी राखू लागतो, तेव्हा तर सगळंच गणित बदलतं. त्यावर मे महिन्यात लिहीन.

लावायचा कसा, एवढं थोडक्यात. आंबलेला शॅड गळावर टिकत नाही, म्हणून गळ शेपटीकडून ओवून डोक्याच्या कठीण भागातून काढावा आणि टोक उघडं ठेवावं. दुपारनंतर, ऊन खाल्लेल्या दक्षिणमुखी काठाशी, धारेच्या कडेच्या संथ पाण्यात सोडावा. ओढ जोरदार येईल अशी वाट पाहू नका. काठीचं टोक थरथरतं, थांबतं, पुन्हा थरथरतं, इतकंच. वीस मिनिटांत काही झालं नाही तर जागा बदला. या दिवसांत मासा आमिषाकडे लांबून येत नाही, आमिष त्याच्या पुढ्यात न्यावं लागतं.

एक सूचना मात्र गंभीरपणे घ्या. मेलेला शॅड एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात नेण्याचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. ते आधी वाचा. जिवंत तर नेऊच नका. सिल्व्हर कार्पची पिल्लं इतकी शॅडसारखी दिसतात की सरावलेली नजरही फसते. सिल्व्हर कार्प म्हणजे आपल्याकडचे शेततळेवाले ज्याला चंदेरा म्हणतात तोच. महाराष्ट्रात त्याचं बीज विकत घेऊन सोडतात. अमेरिकेत तो 1970च्या दशकात आर्कान्सामध्ये आणला गेला, तलावांतून निसटला आणि मिसिसिपीच्या खोऱ्यात इतका माजला की त्याला आवरण्यावर सरकारं आज करोडो डॉलर खर्च करतात.

गळ आणि शिसं पुढच्या आठवड्यात, या खेपेला नक्की. सांगलीच्या वाचकांना आणि कृष्णा-गोदावरीवर गरवणाऱ्या बाकीच्यांना एक विनंती आहे. पौष-माघात, पाणी सर्वांत गार असताना, तुमच्याकडे शिंगाळ्याला काय लावतात आणि ते ताजं असतं की शिळं, हे मला जरूर लिहून कळवा.