विमानाला न घाबरणारी वाइन

परदेशातून वाइन आणायची म्हटलं की लोकांचे प्रश्न ठरलेले असतात. बाटली फुटेल का, कस्टमवाले अडवतील का, आणि एवढ्या धक्क्यांनी नि उकाड्याने चव बिघडणार नाही का? या शेवटच्या प्रश्नाने मला पोर्तुगालच्या मदेरा बेटावर नेलं. तेव्हापासून वाइनचा विषय निघाला की मी समोरच्याला लवकर सोडत नाही.

नियम आधी उरकून टाकतो. हातातल्या बॅगेत बहुतेक ठिकाणी १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली चालत नाही, म्हणून वाइन चेक-इन बॅगेत टाकायची. अल्कोहोल २४ टक्क्यांपर्यंत असेल तर विमान-सुरक्षेच्या नियमांत प्रमाणाची मर्यादा नाही. २४ ते ७० टक्क्यांना माणशी ५ लिटर, ७० च्या वर बंदीच. भारतात उतरल्यावर मात्र दारू आणि वाइन मिळून माणशी २ लिटरच शुल्कमाफ. जास्त असेल तर लाल मार्गाने जाऊन मुकाट्याने शुल्क भरावं. सामानकक्षातही हवेचा दाब केबिनइतकाच असतो, त्यामुळे बाटली दाबाने फुटत नाही. ती फुटते बॅगा आपटल्याने. प्रत्येक बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जाड कपड्यात गुंडाळायची आणि बॅगेच्या मधोमध ठेवायची, दोन बाटल्या एकमेकींना लागू द्यायच्या नाहीत. झालं!

आता मदेरा: बेटाचं नाव तेच, तिथल्या वाइनचंही तेच. हे बेट पोर्तुगीजांच्या सागरी वाटेवर होतं. गोव्याकडे, ब्राझीलकडे जाणारी गलबतं इथे थांबून पाणी, अन्न आणि वाइनची पिंपं चढवत. विषुववृत्त ओलांडताना जहाजाच्या तळात पिंपं तापायची, महिनोन्महिने हिंदकळायची. न विकता परत आलेली पिंपं उघडली तर वाइन नासण्याऐवजी सुधारलेली! मग काही व्यापारी पिंपं मुद्दामच प्रवासाला पाठवू लागले. अशा वाइनला 'व्हिन्यु द रोडा' म्हणत आणि तिला किंमतही चढी मिळे. आपल्याकडे येण्याच्या वाटेवर पिकलेली वाइन ही! माझ्या मते, वाइनच्या इतिहासात याहून सुंदर अपघात नाही.

पुढे जहाजाचं भाडं वाचवायला तीच उष्णता घरी निर्माण केली गेली. साधी मदेरा टाकीत ४५ ते ५० अंशांवर किमान ३ महिने तापवतात. उंची मदेरा मात्र पिंपात, माळ्यावर, उन्हाच्या उबेने वर्षानुवर्षं पिकते. आपला साखरांबा उन्हात मुरतो ना, तशी. बेटावरच्या फुंशाल शहरातल्या एका जुन्या वखारीत मी तो माळा पाहिला. सागवानी घरात जुनी कपाटं उघडल्यावर येतो तसा वास, त्यात अक्रोड आणि जळक्या साखरेचा दर्प. दाखवणाऱ्या बाईंनी सांगितलं की नवी पिंपं वरच्या, जास्त तापणाऱ्या मजल्यावर असतात आणि वय वाढेल तशी खाली उतरवली जातात. जाताना म्हणाल्या, "इंडियाला नेताय ना? तिला वाट माहीत आहे." मी लगेच दोन बाटल्या घेतल्या.

मदेराचे चार मुख्य प्रकार द्राक्षांच्या नावांनी ओळखले जातात: कोरडी सर्सियाल, मग व्हर्देल्यू, बुआल आणि सर्वांत गोड माल्व्हाझिया. वीस वर्षांहून अधिक पिंपात राहिलेल्या 'फ्राश्केइरा'च्या बाटल्यांवर पारंपरिक पद्धतीत कागदी लेबल नसतं, काचेवर पांढऱ्या रंगात अक्षरं छापलेली असतात. अशी बाटली बघूनच मन भरतं, किंमत बघून खिसा आवळतो.

दारूचा अर्क मिसळलेला असल्याने मदेरात साधारण १७ ते २२ टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे २४ च्या आतच. शिवाय पुष्कळ मदेरा ५०० मिलिलिटरच्या बाटलीतही मिळते. ७५० च्या दोन आणि ५०० ची एक घेतली की नेमके २ लिटर भरतात! गोव्यात 'पोर्ट' म्हणून मिळणाऱ्या स्वस्त गोड वाइनशी मात्र हिची तुलना करू नये, मला राग येतो.

फुंशालला गेलात तर दोन बाटल्या सर्सियालच्या घ्या आणि छोटी बुआलची, करंज्यांबरोबर. मुंबईच्या उकाड्याची काळजी नको. उघडलेली बाटलीही काही महिने सहज टिकते, त्यामुळे दिवाळीतच संपवायची घाई करू नका.