रविवारचे चित्रपुस्तक आणि आमचे छोटे परीक्षक

दसरा-दिवाळी झाली की आमच्या वस्तीतल्या निम्म्या घरांना कुलपे लागतात. बीड जिल्ह्यात हे कुणाला नव्याने सांगायला नको. नवरा-बायको मिळून एक कोयता, डोक्यावर मुकादमाची उचल, आणि टायरगाडीत भांड्याकुंड्यांबरोबर पोरे. माणसे परततात ती पाडव्याच्या, फार तर भीमजयंतीच्या सुमाराला. सरकारने हंगामी वसतिगृहांची योजना काढली हे खरे, पण वयात येणारी मुलगी मागे ठेवायला आईचे मन धजत नाही. त्या पाच-सहा महिन्यांत पोर ऊस, वाढे, पाचट, बैल सारे ओळखायला शिकते आणि वाचायचे विसरते.

तिसरीतली एक मुलगी जाताना धडा घडाघडा वाचत होती. परत आली तेव्हा जोडाक्षरापाशी अडखळली, लाजली आणि पुस्तक मिटून बसली. तिला पुन्हा वाचते केले ते चित्रकथेने. एका फुग्यात चार शब्द, आणि ते कळले नाहीत तर चित्र सांगते. तेव्हापासून दर रविवारी विहारात वंदना झाली की आम्ही एक चित्रपुस्तक उघडतो. बहुतेक पुस्तके रद्दीतून किंवा जुन्या पुस्तकांच्या गाड्यावरून आणलेली, पण मुलांना ती नवीच. एकाने मोठ्याने वाचायचे, बाकीच्यांनी चित्रे पाहायची आणि शेवटी निकाल द्यायचा: कपाटात ठेवायचे की परत करायचे? निकाल मुलांचा. आम्ही मोठ्यांनी मधे बोलायचे नाही असा नियम आहे. तो आम्हीच जास्त मोडतो.

पहिली परीक्षा आमचीच झाली. आम्ही लहानपणी जीव टाकून वाचलेला वेताळ हौसेने काढला. इंद्रजाल कॉमिक्सने तो 1964 पासून 1990 पर्यंत घरोघरी नेला होता. ली फॉक या अमेरिकन लेखकाने 1936 साली निर्माण केलेला हा बुरखाधारी वीर जंगलात कवटीच्या गुहेत राहतो. एका पोराने चित्रावर बोट ठेवून विचारले, "हा गोरा माणूस सिंहासनावर आणि काळी माणसं खाली, असं का?" आम्ही शेकडो वेताळ वाचले, पण हा प्रश्न आम्हाला कधी पडला नव्हता. पुस्तक परत गेले.

मग अमर चित्र कथा. अनंत पै यांनी 1967 मध्ये सुरू केलेली ही माला आपल्याकडे फार वाचली गेली. तिच्या पुराणकथांत नायक उजळ आणि राक्षस काळा, दांडगा, जाड ओठांचा. आमच्या परीक्षकांपैकी एकाने स्वतःचा हात त्या राक्षसाच्या चित्राशेजारी धरून पाहिला. तो काहीच बोलला नाही. आम्हीही त्या वेळी नियम पाळला.

उलट जातकातली नंदिविशाल बैलाची गोष्ट पहिल्या फेरीतच पास झाली. बैलाचा मालक पैज लावतो की माझा बैल शंभर भरलेल्या गाड्या ओढील. ऐन वेळी तो बैलाला अपशब्द बोलतो आणि बैल जागचा हलत नाही. पुढल्या वेळी गोड शब्दांनी थोपटतो तेव्हा गाड्या निघतात. हा बैल म्हणजे मागच्या जन्मीचे बोधिसत्त्व. शंभर गाड्यांवर आमच्या गाडीवानाच्या पोराचा विश्वास बसला नाही, एका उसाच्या गाडीला चढावर काय होते ते त्याला ठाऊक! पण शिवी दिली की बैल अडतो हे त्याने मान्य केले आणि वर शेरा मारला, "हे मुकादमाला वाचायला द्या."

बाबासाहेबांवरच्या पुस्तकांत मात्र परीक्षक जास्त कडक होतात. अमर चित्र कथेने 1979 साली 'बाबासाहेब आंबेडकर' हा अंक काढला. लेखन एस. एस. रेगे यांचे, चित्रे दिलीप कदम यांची. त्याआधी वर्षभर, 27 जुलै 1978 ला, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला होता आणि मराठवाड्यात आपली घरे जाळली गेली होती. ती माणसे सावरत असताना अशा मालेत बाबासाहेब येणे ही लहान गोष्ट नव्हती. सबंध आयुष्य एका अंकात बसवायचे म्हणजे धावपळ होणारच. मुलांची तक्रार वेगळी होती: महाडला बाबासाहेबांच्या मागे चाललेल्या माणसांची नावे काय? आणि मोठ्या मुली प्रत्येक पुस्तकात एकच मोजतात, रमाई किती चित्रांत आहे.

सगळ्यांत लांबलेला रविवार 'भीमायन'चा. नवयान प्रकाशनाने हे पुस्तक 2011 मध्ये काढले. चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांची, लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे. मजकूर इंग्रजीत, म्हणून आम्ही पान धरून मराठीत सांगत गेलो. चित्रकारांनी माणसांना चौकटीत कोंडायचे नाही असे ठरवलेले, त्यामुळे पानावर नेहमीचे चौकोन नाहीत. आगगाडी सापासारखी, किल्ला जनावरासारखा. गोड बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा आणि विषारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी! हे मुलांना न समजावता कळले.

त्यात 1901 चा प्रवास आहे. लहानगा भीम भावंडांसह मसूर स्टेशनवर उतरतो. महार म्हटल्यावर गाडीवान दुप्पट भाडे मागतो आणि गाडी पोरांनीच हाकावी, आपण पायी चालतो म्हणतो. जवळ भाकर आहे, पाणी नाही. आमच्या पोरांनी रात्रीच्या गाड्या पाहिल्यात. एक जण म्हणाला, "अंधारात कासरा लहान पोराच्या हातात? बैल बुजले असते तर?" आजवर हा प्रसंग आम्ही कितीदा भाषणात सांगितला असेल, पण बैल बुजण्याची भीती आम्हाला कधी वाटली नव्हती.

दौलताबादचा 1934 चा प्रसंगही त्यात आहे. हातपाय धुतले म्हणून तळे बाटले, असा गिल्ला तिथे झाला. तेव्हा दौलताबाद काय, बीड काय, सारे निजामाच्या राज्यात. वेरूळच्या सहलीत पोरांनी तो किल्ला पाहिला होता, हे मात्र त्यांना कुणी सांगितले नव्हते. पुस्तकात दोषही काढला गेला: ठरावीक प्रसंग घेतल्यामुळे सबंध चरित्र हाती लागत नाही. तरी निकाल एकमताने, कपाटात.

यंदा दसऱ्याआधी शेवटचा प्रश्न निघाला की गाडीत कोणते पुस्तक न्यायचे. 'भीमायन' महागाचे, कोपीवर दव आणि धुळीत टिकणार नाही, म्हणून नंदिविशाल ठरला. ती तिसरीतली मुलगी आता पाचवीत आहे. तिने जाण्याआधी वहीची चार पाने काढून घेतली आणि त्यांवर नुसते फुगे काढले, काही पक्ष्याचे, काही नांगीचे. आत काय लिहायचे ते फडात बघून लिहीन म्हणाली.