आठ आण्यांची वाट

आमच्या सोलापूर जिल्ह्यात एखाद्या वस्तीची वाट विचारा. माणूस हात लांब करून सांगतो, "हे काय, पाणंदीनं सरळ जावा." सांगणं सोपं असतं, जाणं अवघड. चार पावलं टाकली की दोन्ही बाजूंनी वेडी बाभूळ अंगावर येते आणि पाऊस पडून गेला असेल तर चप्पल हातात घ्यावी लागते. आज बोलायचं आहे ते या पाणंदीबद्दल आणि ती स्वतःच्या हातांनी दुरुस्त करणाऱ्या माणसांबद्दल.

पाणंद म्हणजे दोन्हीकडच्या शेतांच्या मधून जाणारी, गावाच्या सामाईक वापराची वाट. दोन गावांच्या हद्दीवरून जाते तो शिवरस्ता, बैलगाडी जाते ती गाडीवाट आणि नुसता माणूस जातो ती पायवाट. शाळेची पोरं, डोक्यावर भाकरीची पाटी घेतलेल्या बाया, दुधाच्या किटल्या, कारखान्याला निघालेला ऊस, सगळं याच वाटेनं. डांबरी सडक दोन गावं जोडत असेल, पण घर शेताला जोडते ती पाणंदच.

या वाटा कुणी मेहेरबानीनं सोडलेल्या नाहीत. गावाचा जुना नकाशा तलाठ्याकडे किंवा भूमी अभिलेख कार्यालयात पाहायला मिळतो. त्यावर तुटक अशी एकच रेघ दिसली तर ती पायवाट आणि तुटक दुहेरी रेघ दिसली तर गाडीवाट. त्यांची रुंदीही ठरलेली आहे. इंग्रजी अमदानीत आपल्याकडची जमीन मोजली गेली ती तेहतीस फुटांच्या साखळीनं. अशी एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा. रुपयाचे सोळा आणे, तसेच साखळीचेही सोळा आणे. पायवाट चार आण्यांची, म्हणजे सव्वाआठ फूट. गाडीवाट निदान आठ आण्यांची, म्हणजे साडेसोळा फूट. आता मनातल्या मनात आपल्या गावची गाडीवाट आठवून पाहा. आठ आण्यांतले किती आणे शिल्लक आहेत?

बाकीचे आणे कुठं गेले, हे मला घरातूनच ठाऊक आहे. माझं आजोळ मोहोळ तालुक्यातलं. १९९८ च्या जुलैत नानी वारली. गावाचं कब्रस्तान आणि स्मशानभूमी एकाच पाणंदीवर, थोडं पुढं-मागं. दोन दिवस पाऊस लागून राहिलेला. जनाजा निघण्याआधी गावातली आठ-दहा माणसं कोयते घेऊन पुढं गेली. त्यांनी काटेरी फांद्या तोडल्या, चिखलात दगड आणि तुराट्या टाकल्या. त्यात आमचे नातेवाईक दोघंच, बाकी शेजारपाजारचे. तरीही पंधरा मिनिटांच्या वाटेला तासाच्या वर वेळ लागला. पुढच्याचा पाय रुतला की मागच्यांनी भार सावरायचा, असं करत आम्ही पोहोचलो. परतताना शेजारचे तात्या मामूंना म्हणाले, "हुसकटून निघालं बघा आज. पर ह्या वाटंला आपुनच खाल्लंय."

तात्या बोलले ते खरं होतं. त्या पाणंदीला लागून आमच्या मामूंचंही रान होतं आणि दर नांगरटीला एखादं तास वाटेकडं सरकायचं, हे त्यांनाही चुकलं नव्हतं. कुणी ठरवून करत नाही. नांगर वळवताना थोडा पुढं जातो, बांध थोडा कोरला जातो. समोरचाही तेच करतो. भावांत वाटण्या झाल्या की प्रत्येकाला आपला तुकडा अपुरा वाटतो. १९८० साली उजनी धरण पुरं झालं, पुढं कालव्याचं पाणी आलं, ज्वारीच्या जागी ऊस आला आणि फूटभर जमिनीलाही मोल आलं.

पण त्या फूटभर जमिनीचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. शेताची वाटेकडची बाजू दोनशे मीटर लांब धरा. तिथं एक फूट वाट नांगरली तर शेतात भर पडते ती जेमतेम अर्ध्या गुंठ्याहून थोडी जास्त. एकरी सहा क्विंटल ज्वारी धरली तरी त्या पट्टीत वर्षाला पिकते नऊ किलो. नऊ किलो ज्वारीसाठी आपण वाट अरुंद करतो. मग ट्रॅक्टर येत नाही म्हणून ऊस डोक्यावरून काढावा लागतो, आजाऱ्याला बाजेवर घालून सडकेपर्यंत आणावं लागतं आणि पावसाळ्यात वस्तीवरच्या मुलींची शाळा सुटते. नऊ किलो ज्वारी फार महाग पडते.

वाट मोडण्याचं दुसरं कारण म्हणजे आपली काळी माती. ती पाणी प्याली की फुगते आणि उन्हात आक्रसून भेगाळते. तिच्यावरून चाक गेलं की चाकोरी पडते. चाकोरीत पाणी साचतं आणि पुढच्या चाकाला ती आणखी खोल होते. वर्षानुवर्षं असं झालं की वाट दोन्हीकडच्या शेतांपेक्षा खाली जाते. मग शेतांचं पाणी तिच्यात उतरतं आणि पाणंदीचा ओढा होतो. म्हणजे पाणंद दुरुस्त करणं हे आधी पाण्याचं काम आहे आणि मग दगडमातीचं.

त्या पाणंदीबद्दल आम्ही पाच वर्षं नुसतं बोलत राहिलो. २००३ च्या उन्हाळ्यात दुष्काळ होता. हातात पीक नव्हतं, रानात काम नव्हतं. तेव्हा गावानं एकदाचा नारळ फोडला. मीही सोलापुरातून रविवारी-रविवारी जात होतो. कवीच्या हातात टिकाव कितपत शोभला ते विचारू नका, पण त्या आठवड्यांत जे शिकलो ते सांगतो.

पहिलं काम टिकावाचं नव्हे, बैठकीचं. नकाशाची नक्कल पारावर पसरायची आणि दोन्ही बाजूंच्या प्रत्येक खातेदाराला समोर बसवून चुन्याची फक्की मारायची. हे टाळलं तर सकाळी केलेलं काम संध्याकाळी नांगरलं जातं. आमच्याकडं पहिल्या बैठकीत कुणीच मान हलवेना. जो तो समोरच्याकडं बोट दाखवी. शेवटी मामू उठले आणि म्हणाले, "माझ्याकडनं चार फूट धरा. मोजायचीबी गरज न्हाई, मला ठावं हाय." त्यानंतर बाकीच्यांची तोंडं उघडली. एक जण मात्र शेवटपर्यंत राजी झाला नाही. त्याच्या रानापाशी वाट आजही थोडी आखडते.

दुसरं काम तोडणीचं. वेडी बाभूळ वरून छाटली तर दुप्पट जोमानं फुटते, ती मुळासकट काढावी लागते. तिसरं काम चरांचं. वाटेच्या दोन्ही कडांना चर खणायचे, म्हणजे शेतातलं पाणी वाटेवर न येता चरातून निघून जातं. जिथं पाणी आडवं जातं तिथं सिमेंटची नळी पुरायची. आणि चौथं काम मुरमाचं. काळ्या मातीवर मुरमाचा थर द्यायचा, तो मधोमध उंच आणि कडांना उतरता ठेवायचा, माशाच्या पाठीसारखा. पाणी त्याच्यावर थांबलं नाही पाहिजे. चर न काढता नुसता मुरूम ओतला तर दोन पावसाळ्यांत माती तो गिळून टाकते.

इथं श्रमदानाची मर्यादाही समजते. एक किलोमीटर लांब, दहा फूट रुंद आणि सहा इंच जाडीचा थर म्हटला तर सुमारे एकशे चौसष्ट ब्रास मुरूम लागतो. हे घमेल्यांनी होण्यासारखं नाही. त्याला ट्रॅक्टर, डिझेल आणि पैसा लागतो. शिवाय मुरूम गौण खनिजात मोडतो, तो उचलण्याआधी महसूल खात्याची परवानगी घ्यावी लागते. सरकारनंही यात वेळोवेळी हात घातला आहे. २०२१ साली राज्यानं मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली, तिची सांगड रोजगार हमीशी घातली होती. आणि रोजगार हमीचं मूळ तर महाराष्ट्रातच. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेल्या या योजनेनं १९७२ च्या दुष्काळात किती घरं तगवली, हे आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना विचारावं. सोलापूर जिल्ह्यातल्या कितीतरी सडकांखाली त्या साली बायामाणसांनी फोडलेली खडी आहे.

कायद्याचंही थोडं सांगतो, कारण लोकांचा त्यात फार घोळ होतो. वापरातली वाट कुणी अडवली असेल तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम पाचखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. मात्र वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. 'बघू पुढच्या सुगीला' म्हणत बसलात तर मुदत निघून जाते. आणि शेताला जायला वाटच नसेल, तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ प्रमाणे दुसऱ्याच्या बांधावरून वाट मागता येते. तिथं तहसीलदारानं शेतकऱ्याची रास्त गरज पाहायची असते. २०२५ साली शासनानं शेतरस्ता निदान तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाराच्या इतर हक्कांत व्हावी, असं ठरवलं. ही चांगली गोष्ट झाली. कागदावर आलेली वाट सहजासहजी नांगरली जात नाही. पण हुकूम आणून उघडलेली वाट आणि बसून बोलून उघडलेली वाट यांत फरक असतो. पहिलीवरून शेजारी एकमेकांकडे न बघता जातात.

वाटा राखणं ही काही आपल्याच गावची अडचण नाही. इंग्लंडात शेताच्या कुंपणावरून माणसाला ओलांडता यावं, पण मेंढराला येऊ नये, म्हणून लाकडी किंवा दगडी पायऱ्या बसवतात. आपल्याकडं काटेरी कुंपणात दोन बेचक्यांची लाकडं रोवून माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट ठेवतात, त्यातलाच प्रकार. तिथं १९३२ साली किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर शेकडो तरुण मालकांची बंदी मोडून चढले आणि काहींनी तुरुंगवास सोसला. १९४९ साली कायदा झाला आणि सार्वजनिक पायवाटा नकाशावर नोंदवायचं काम सुरू झालं. आजही तिथं सुटीच्या दिवशी हौशी माणसं जमतात, मोडक्या पायऱ्या बदलतात, झुडपं छाटतात. त्यांची वाट बहुतेक फिरण्यासाठी असते, आपली पोटासाठी. पण नियम एकच दिसतो. ज्या वाटेला वर्षातून एकदा तरी माणसाचा हात लागतो, तीच टिकते.

आपल्याकडं या हाताला जुनी नावं आहेत. सावड आणि इर्जिक. आज तुझ्या रानात माझे बैल, उद्या माझ्या रानात तुझे, आणि दिवस मावळताना पंगत. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घेत. हे सगळं आपल्या रक्तात आहे म्हणतात. पण रक्तात दुसरंही एक आहे, ते विसरू नये. जुन्या काळी रस्त्याची कामं वेठीनं करून घेतली जात. फुकट राबायचं कुणी, तर ज्याच्याकडं जमीन नाही त्यानं. म्हणून श्रमदानाची हाक देताना एक विचार करावा. ज्याचं शेत त्या वाटेवर आहे त्यानं दोन दिवस द्यावेत, ट्रॅक्टर द्यावा, डिझेल घालावं. पण ज्याचं तिथं वीतभरही रान नाही आणि एक रोज बुडाला तर ज्याची चूल थंड राहते, त्याला मजुरी द्यावी. आमच्या गावात तिसऱ्या रविवारी एका मजूर बाईंनी हे तोंडावर विचारलं, "वाट तुमच्या उसाची, आन् घाम आमचा फुकट?" सगळे गप्प झाले. पुढच्या रविवारपासून वर्गणीतून रोज सुरू झाला आणि काम उलट लवकर उरकलं.

पाऊस यायच्या चार दिवस आधी ती पाणंद झाली. फार मोठी नव्हे, किलोमीटरभरही नाही. त्यानंतर त्या वाटेनं मामूही गेले आणि तात्याही. एक अलीकडं थांबले, एक थोडे पलीकडं. दोघांच्याही वेळी कुणाचा पाय रुतला नाही.

मृग सातेक जूनला निघतो. त्याआधीचा एक रविवार गावानं पाणंदीसाठी राखून ठेवावा, एवढंच मागणं आहे. चरातला गाळ काढायचा, फुटलेली बाभूळ उपटायची, खड्ड्यात दोन घमेली मुरूम टाकायचा. अर्ध्या दिवसाचं काम. आणि औत धरताना वाटेच्या कडेला आलं की नांगर एक तास अलीकडंच वळवायचा. नऊ किलो ज्वारी कमी होईल. ती वाटेच्या नावानं सोडून द्यावी.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)