मूळ प्रत कोणती? गिटशी पहिली ओळख

आजचा विषय आमच्या नेहमीच्या वाटेबाहेरचा आहे. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आणि आता सत्तरी ओलांडल्यावर आम्ही ‘गिट’ नावाचं एक साधन शिकतो आहोत. प्रोग्रामर मंडळी ते रोज वापरतात, त्यांना यात नवल नाही. पण नवख्याला जे खटकतं ते सवय झाल्यावर दिसेनासं होतं. म्हणून ही पहिली निरीक्षणं, ती विरायच्या आत, तुमच्यापुढे ठेवतो.

आधी गरज काय पडली ते सांगतो. मालवण, कुडाळ, वेंगुर्ला इथले आम्ही काही निवृत्त लोक मालवणी शब्दांची यादी करतो आहोत. यादी ईमेलने फिरते. मग ‘अंतिम’, ‘अंतिम-२’, ‘अगदी अंतिम’ अशा फायली जमतात. कुठला शब्द कुणी, कधी, कशासाठी बदलला हे कुणालाच सांगता येत नाही.

हीच अडचण फार मोठ्या प्रमाणावर लिनक्सवाल्यांना होती. लिनक्स ही प्रणाली जगभरचे लोक मिळून लिहितात. त्यासाठी ते बिटकीपर नावाचं एका कंपनीचं साधन वापरत. ते फुकट वापरण्याची सवलत २००५ साली बंद झाली. तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्वतःच नवं साधन लिहायला घेतलं. ते गिट.

पहिलं आश्चर्य असं, की इथे मुख्य कचेरीच नाही. जमिनीची पद्धत आठवा. सातबाऱ्याचा उतारा आपल्या घरी असे, पण फेरफाराची नोंद होत असे ती तलाठ्याच्या दप्तरी. सबव्हर्जनसारखी आधीची साधनं साधारण अशीच चालत. गिटमध्ये मात्र ‘क्लोन’ केलं की अख्खं दप्तरच घरी येतं, पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या फेरफारांसकट. याला विकेंद्रित म्हणतात. आपल्या किनाऱ्यावर याचं मोल वेगळं सांगायला नको. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळानंतर कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती, फोन नव्हते. गिटला रोजच्या कामासाठी नेटवर्क लागतच नाही. आपण आपल्या घरी नोंदी करत राहायचं, नेटवर्क आलं की देवाणघेवाण करायची.

दुसरं आश्चर्य ‘कमिट’चं. इथे सेव्ह वेगळं आणि कमिट वेगळं. कमिटमध्ये कुणी आणि कधी हे नोंदलं जातं, आणि ‘का’ हे आपण थोडक्यात लिहायचं असतं. पूजेआधी संकल्प सोडताना आपण देश, काळ, नाव, हेतू उच्चारतो ना, तसंच काहीसं. त्या क्षणी यादी जशी असेल तशी गिट टिपून ठेवतं, आणि त्या नोंदीला तिच्या मजकुरावरून काढलेला ४० अक्षरी ठसा देतं. शिवाय प्रत्येक कमिटमध्ये आधीच्या कमिटचा ठसा असतो. त्यामुळे मागची एक नोंद कुणी गुपचूप बदलली, तर तिथून पुढचे सगळे ठसे बदलतात आणि लबाडी उघडी पडते.

बौद्धांचा क्षणभंगवाद तुम्हांला आठवत असेल. टिकून राहणारी वस्तू अशी नसतेच, एकातून एक उपजणारी क्षणांची परंपरा असते, असं ते म्हणतात. गिटमध्ये तसंच आहे बघा. ‘आमची यादी’ नावाची कायमची वस्तू तिथे कुठेच सापडत नाही. आहे ती क्षणांची माळ, आणि शेवटच्या मण्याला लावलेली एक चिठ्ठी. त्या चिठ्ठीला ‘ब्रँच’ म्हणतात.

याचं महत्त्व कळायला पुण्याकडे पाहू. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं. ते १९६६ मध्ये पुरं झालं. त्यासाठी १,२५९ हस्तलिखितं पाहिली गेली. १९२५ पासून संपादक असलेल्या डॉ. वि. सी. सुखटणकरांपुढे अडचण ही होती, की कुठली पोथी कुठल्या पोथीवरून उतरवली हे बहुतेक पोथ्या सांगत नाहीत. समान भर आणि समान चुका पाहून वंशावळ लावावी लागते. त्यातही काही लेखकांनी दोन-दोन पोथ्या समोर ठेवून तिसरी लिहिलेली, म्हणजे वंशावळीत गुंता. गिटच्या भाषेत हे ‘मर्ज’. फरक एवढाच, की इथे मर्ज केलेली नोंद आपल्या दोन्ही पूर्वजांची नावं सांगते.

आता मर्ज करताना काय होतं? आमच्या यादीत ‘चेडू’ या शब्दापुढे एकाने ‘मुलगी’ लिहिलं, दुसऱ्याने आपल्या घरी त्याच ओळीवर ‘लेक’ लिहिलं. गिटने दोन्ही पाठ एकाखाली एक मांडले आणि ते थांबलं. याला ‘कॉन्फ्लिक्ट’ म्हणतात. नवख्याला वाटतं काहीतरी बिघडलं. बिघडलेलं काही नसतं. निवाडा माणसाचा आहे एवढंच यंत्र सांगतं. आम्ही दोन्ही अर्थ ठेवले.

खरी काळजी यंत्र गप्प बसतं तेव्हा करावी. समजा, एकाने नव्याने लिहिण्यासाठी ‘झील’ ही नोंद काढली, आणि त्याच वेळी दुसऱ्याने ‘चेडू’खाली ‘पाहा: झील’ असं लिहिलं. ओळी लांबलांबच्या, म्हणून गिट दोन्ही बदल मुकाट्याने जोडील. तक्रार काहीच नाही, आणि वाचणाऱ्याला ‘झील’ सापडणार नाही. अक्षरं जुळली म्हणजे अर्थ जुळला असं नाही.

आणखी एक. या साधनाला विसरणं अवघड जातं. एखाद्या आजींनी सांगितलेल्या वाक्यात शेजाऱ्याचं टोपणनाव आलं, तर आज ते यादीतून काढता येईल, पण कालच्या कमिटमध्ये ते राहतंच. जुना इतिहास पुन्हा लिहिण्याची सोय आहे. पण दहा घरी गेलेली दप्तरं त्या-त्या घरच्या माणसानेच बदलायला हवीत. म्हणून विचारायचं ते कमिटच्या आधी विचारावं.

मग मूळ प्रत कोणती? महाभारताच्या संपादकांनीही व्यासांचा मूळ शब्द सापडला असा दावा केला नाही. उपलब्ध पोथ्यांवरून गाठता येईल तेवढं जुनं रूप त्यांनी सिद्ध केलं आणि पाठभेद तळटीपांत जपले. आम्ही कुडाळच्या मित्राकडची प्रत प्रमाण मानायचं ठरवलं आहे. हा आमचा आपसातला करार आहे, गिटला त्याचं काही सोयरसुतक नाही. उद्या वेंगुर्लेकरांना पटलं नाही, तर ते आपली प्रत प्रमाण धरतील, आणि त्यांच्याकडेही इतिहास पूर्णच असेल. बोलीच्या कामाला हे शोभतं, कारण मालवणीची तरी मुख्य कचेरी कुठे आहे?

आम्ही सगळे सत्तरीतले. आजवर आमच्यातला एखादा गेला, की त्याच्या कॉम्प्युटरमधली यादीही गेल्यासारखीच असे. आता ती बाकीच्यांकडे असेल, आणि कुठला शब्द त्याने आणला हेही त्याच्या नावासकट तिथे असेल. तुमच्यापैकी कुणाकडे घरातल्या मोठ्यांचे शब्द, म्हणी, पाककृती एकाच फाइलीत पडून असतील, तर एवढ्यासाठी हे शिकून घ्या. आठवडाभर डोकं फिरेल, मग जमेल. इथे थांबतो.